समुद्रातलं प्लास्टिक आणि आपला कॅमेरा: सूर्यास्त सोडून काय टिपायचं?

पुळणवेडा | रविवार, रात्री ९:४०

मंडळी,

मागे सूर्यास्तांच्या धाग्यावर मी चार-पाच प्रचि (प्रकाशचित्रं) टाकले होते. त्यातल्या एकाखाली कुणीतरी विचारलं होतं, "पुढे चमचमतंय ते काय, शिंपले का?" शिंपले नव्हते ते. दुधाच्या पिशव्या होत्या, आणि मुद्दाम फ्रेममध्ये घेतल्या होत्या. कचरा दाखवायला काढलेला फोटो लोकांनी सूर्यास्त म्हणून पाहिला आणि वर वाहवा केली. यात पाहणाऱ्याची काही चूक नाही, चूक माझी. संध्याकाळच्या उजेडात थर्माकोलसुद्धा सोन्याचं दिसतं.

तेव्हापासून मी संध्याकाळी कॅमेरा घरीच ठेवतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या किनाऱ्यावर एक जागा ठरवली आहे. पुळणीवर एका जुन्या माडाचा बुंधा उरलाय. तो आणि मागचा मारुतीचा कळस एका रेषेत आले की थांबायचं आणि फोटो काढायचा. यात समुद्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं, त्यामुळे सूर्यास्ताचा मोहच उरत नाही. दर अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती उतरली की एक फोटो. फ्रेम तीच, उंची तीच (माझ्या छातीएवढी), उजेड शक्यतो दुपारचा, रखरखीत. चार वर्षं झाली. मध्ये आजारपणात आणि भाचीच्या लग्नात काही हुकले.

हे फोटो एकेकटे पाहिले तर अगदी रटाळ आहेत. ओळीने लावले की बोलायला लागतात. ज्येष्ठ-आषाढात बुंध्याच्या वरपर्यंत ढीग येतो. भाद्रपदात तो अर्धा होतो. मार्गशीर्षात त्याच फ्रेममध्ये स्वच्छ, सपाट पुळण, आणि नेमके तेव्हाच पर्यटक येतात. "किती स्वच्छ हो तुमचा किनारा!" पावसाळ्यात समुद्राने खाल्लेली वाळू हिवाळ्यात परत येते आणि सगळ्यावर पांघरूण घालते, इतकंच. वीतभर उकरा, आषाढातली चप्पल हाताला लागते.

दुसरा प्रकार जवळून. सुंभाचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करून घेतलाय. तो भरतीरेषेवर टाकायचा, वरून सरळ खाली फोटो घ्यायचा, मग आतलं सगळं वेचून गोणपाटावर जातवारीने मांडायचं आणि पुन्हा फोटो. शाम्पूच्या पुड्या, पेनांची टोपणं, कान कोरायच्या काड्या, जाळ्याचे हिरवे धागे, जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांचं फुटकं थर्माकोल. आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा त्रिकोण, एका कडेला निळी रेघ. चौकोनातून ओंजळभर निघाले होते एकदा. पिशवी आपण धुऊन रद्दीत देतो आणि स्वतःला शाबासकी देतो, कोपरा मात्र सिंकमधून ओढ्याला, ओढ्यातून खाडीला.

आता धागा काढायचं खरं कारण. दुसऱ्या वर्षी मी एक फोटो काढला होता. ढिगाच्या कडेला गावातल्या एक मावशी मासळीची पाटी घेऊन उभ्या. फोटो उत्तम आला होता, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. गावच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. परत आला तेव्हा वर लाल अक्षरात ओळ होती, 'मच्छीमारांनी केलेली घाण'. मावशींनी मला बाजारात गाठलं. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "फोटो माझा काढलास रे, पण त्यातली बाटली माझी होती का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून माणूस फ्रेममध्ये असेल तर विचारल्याशिवाय काढत नाही, आणि फोटोवरच तारीख, जागा आणि 'हे काय आहे' ते लिहितो.

तुमचे अनुभव लिहा. कुठल्या फोटोने तुम्ही स्वतः काही बदललंत का? भावुक नको, खरं सांगा.

---

मीठभाकर | रविवार, रात्री १०:०५

दुधाच्या कोपऱ्याचं वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. सिंकच्या जाळीत एक चिकटलेला होताच! उद्यापासून नुसती चीर देणार, तुकडा पाडणार नाही. घ्या, एक बदल झाला तुमचा.

---

तिरका_खेकडा | रविवार, रात्री ११:३२

लेख चांगला, पण मी उलटं बोलणार. (नाव सार्थ करायला नको?)

ख्रिस जॉर्डन या अमेरिकी छायाचित्रकाराचे पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरचे अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याचे फोटो आठवतात का? २००९ साली आले. मेलेल्या पिलाचा पिसांचा सांगाडा, आणि पोट होतं तिथे लायटर, बाटल्यांची झाकणं, टूथब्रश. होनोलुलूपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब, जिथे राहणारी माणसं मोजकीच, अशा बेटावर. मी ते पाहिले तेव्हा कॉलेजात होतो. अक्षरशः जेवण गेलं नाही. मग? दोन दिवसांनी टपरीवर प्लास्टिकच्या कपातून चहा पीत होतो. तेव्हापासून असे शेकडो फोटो पाहिले असतील. आता कासवाच्या नाकातली स्ट्रॉ दिसली तरी अंगठा वर सरकतो. घट्टे पडलेत मनाला.

माझ्या मते हे फोटो पाहणाऱ्याला 'मी हळहळलो' एवढं समाधान देतात आणि तिथेच हिशेब मिटतो. कारखाने वेष्टनं बनवायची थांबत नाहीत.

---

पुळणवेडा | सोमवार, सकाळी ७:१५

@तिरका_खेकडा, घट्ट्यांबद्दल सहमत. पण जॉर्डनच्या फोटोंबद्दल एक वेगळं म्हणणं आहे. ते फोटो मला रडवतात म्हणून लक्षात राहत नाहीत, त्यातली वस्तू ओळखता येते म्हणून राहतात. लायटर आपल्या खिशातलाच असतो. पक्षी परका, वस्तू घरची. आणि त्याने स्वच्छ सांगितलं होतं की एकही तुकडा हलवलेला किंवा ठेवलेला नाही.

तुमच्या टपरीवरच्या चहाचं मात्र मी काही करू शकत नाही. :)

---

हवाईची_वहिनी | सोमवार, सकाळी ८:५०

मी बिग आयलंडवर राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे कमिलो म्हणून किनारा आहे, बेटाच्या दक्षिण टोकाकडे. वस्ती नाही, धड रस्ता नाही, खडकाळ वाटेवर उंच गाडीच लागते. आणि तरी प्लास्टिकने भरलेला, कारण प्रवाहच तिथे आणून टाकतात. काळी नरसाळ्यासारखी टोपणं सापडतात, ती काय असतील ते मला दोन वर्षं कळलं नव्हतं. मासेमारीच्या पिंजऱ्यांची निघाली, पॅसिफिकपलीकडून आलेली.

भारतातून पाहुणे आले की विचारतात, "ते कचऱ्याचं बेट दाखव ना." तसं बेटच नाही! नेटवर होडीतला माणूस आणि भोवती कचराच कचरा असा एक फोटो 'पॅसिफिकमधला कचऱ्याचा पट्टा' म्हणून फिरतो. तो मनिला बंदरातला आहे. खऱ्या पट्ट्याबद्दल, म्हणजे प्रवाहांनी जमवलेल्या तरंगत्या प्लास्टिकबद्दल, २०१८ साली आलेल्या अभ्यासात १६ लाख चौरस किलोमीटरांवर ७९ हजार टन असा अंदाज होता. भागाकार करून पाहा, एका चौरस किलोमीटरला सरासरी पन्नासेक किलो, आणि त्यातलंही जवळजवळ निम्मं वजन मासेमारीच्या जाळ्यांचं. बोटीच्या कठड्यावरून पाहिलं तर निळं पाणी दिसतं. उपग्रहातूनही दिसत नाही.

म्हणजे फोटोग्राफरची पंचाईत बघा. जे खरं आहे ते दिसत नाही, आणि जे दिसतं ते दुसरीकडचं असतं. म्हणून लोक खोटी मथळेबाजी करतात. कुणीतरी ती उघडी पाडतं, मग 'सगळंच थोतांड' म्हणणाऱ्यांचं फावतं.

---

मीठभाकर | सोमवार, सकाळी ९:१०

बापरे. तो होडीतला फोटो मी शाळेच्या प्रकल्पाला मुलाच्या वहीत चिकटवलाय.

---

काळा_पांढरा | सोमवार, दुपारी १:२०

मी हौशी नाही, पोट यावरच आहे (लग्नं, बारसी, उत्पादनांचे फोटो). दोन मुद्दे.

एक, मांडणीचा. मांडणी म्हणजे फसवणूक नव्हे. मँडी बार्कर या ब्रिटिश छायाचित्रकार किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करून काळ्या पार्श्वभूमीवर रचतात. आकाशातले तारे किंवा माशांचे थवे वाटावेत असं. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी त्यांनी समुद्रातून आलेल्या चेंडूंची मालिका केली. लोकांना आवाहन केलं, चार महिन्यांत ४१ देश आणि बेटांवरून ९९२ चेंडू जमले, त्यातले ७६९ फुटबॉल. पाहणारा आधी 'काय सुंदर!' म्हणून जवळ जातो आणि मग त्याला कळतं. धागाकर्त्याच्या चमचमत्या दुधाच्या पिशव्यांसारखंच, फक्त इथे खाली लिहिलेलं असतं. रचलंय हे त्या लपवत नाहीत.

तसंच नॅशनल जिओग्राफिकचं जून २०१८ चं मुखपृष्ठ. वर हिमनगाचं टोक, पाण्याखाली प्लास्टिकची पिशवी. ते मेक्सिकोच्या होर्हे गांबोआ यांचं चित्र, फोटो नव्हे, आणि तसा कुणाचा समजही झाला नाही. पण मेलेलं कासव सापडल्यावर शेजारची पिशवी उचलून त्याच्या तोंडापाशी ठेवलीत, तर ती लबाडी आहे. मी हे होताना पाहिलंय. नाव सांगणार नाही.

दुसरा मुद्दा सामानाचा, कारण विपूत (विचारपुशीत, म्हणजे निरोपांत) विचारणा झाली आहे. भारी कॅमेरा नको. खारी हवा आणि वाळू महिन्याभरात लेन्सची वाट लावते. फोन पुरतो. परतल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. कोरड्या रुमालाने पुसलंत की मीठ आणि वाळूने काचेवर चरे पडलेच. लहान वस्तूशेजारी मापासाठी रुपयाचं नाणं ठेवा, नाहीतर हात.

---

गिरगावकर | सोमवार, दुपारी २:०२

हाताच्या मापावरून आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज पेटलं आणि नंतर बुडालं. त्यावर सुमारे १६८० टन प्लास्टिकचे कच्चे दाणे होते. किनाऱ्यावर पसरलेल्या दाण्यांचे फोटो माझ्या सासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "एवढा साबुदाणा कुणी सांडला?" एका फोटोत कुणीतरी ते तळहातावर घेतले होते, तेव्हा कळलं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मेमध्ये, केरळपाशी एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा तसलेच दाणे तिरुवनंतपुरमकडच्या किनाऱ्यांवर आले. आता सासूबाईच ओळखतात.

---

घाणेरडे_सत्य | सोमवार, दुपारी ३:३०

हे सगळं ठीक, पण आधी गणपतीत समुद्रात काय काय टाकता त्याचे फोटो काढा. हिंमत आहे का???

---

पुळणवेडा | सोमवार, दुपारी ३:५५

काढले आहेत. निर्माल्याच्या पिशव्या, मखराचं थर्माकोल, सगळं. गावातल्या मंडळानेच काढू दिले आणि पुढच्या वर्षी मखर कापडाचं केलं. हिंमत लागली नाही, फक्त विसर्जनाच्या आदल्या दिवशी जाऊन सांगावं लागलं की फोटो काढणार आहे.

---

संपादक मंडळ | सोमवार, दुपारी ४:२०

सणांवरची चर्चा कृपया इथे वाढवू नये. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

डोल_जाळी | सोमवार, रात्री ११:४८

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घर कोळीवाड्यातलं, वडील आणि भाऊ बोटीवर जातात, मी नोकरी करतो. वरचा मावशींचा किस्सा वाचून राहवलं नाही.

आमची डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायचं, जे येईल ते आत. पूर्वी भरती-ओहोटीचा जोर बघून मासळीचा अंदाज बांधायचे. आता उधाणाला जाळं ओढताना वजन लागलं की भाऊ आधी म्हणतो, "प्लास्टिक आलं." आणि खरंच तेच असतं. पिशव्यांनी जाळ्याची भोकं बुजतात, पाणी निघत नाही, जाळं फाटतं. ते शिवायला दोन दिवस, म्हणजे दोन दिवस कमाई नाही.

आई आणि काकू जवळा निवडायला बसतात. जवळा केवढा असतो तुम्हाला माहीत आहे, त्यात निळे-लाल धागे, पिशवीचे कपटे. डोळ्यांना चष्मे लागलेत दोघींना. एका पाटीला पूर्वीच्या दुप्पट वेळ. या कामाचे पैसे कोण देतं? याचा फोटो मी आजवर कुठे पाहिला नाही. सगळ्यांना कासव पाहिजे.

आता आमची बाजू झाली, उणीपण सांगतो. तुटलेली जाळी समुद्रात राहतात हे खरं आहे, फुटका बोया पाण्यात टाकणारे आमच्यातही आहेत. पण बंदरावर परत आणलं तर ठेवायचं कुठे? जेटीवर साधी गोणी पण नसते. फोटो काढणाऱ्याने तेवढंही दाखवावं.

---

पुळणवेडा | मंगळवार, सकाळी ६:४०

डोल_जाळी, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. जवळा निवडणारे हात, नुसते हात, चेहरे नाहीत. आई आणि काकूंना विचाराल का? हो म्हणाल्या तरच. काढायला मी येण्यापेक्षा तुम्हीच काढलात तर जास्त चांगले येतील. तुमच्यासमोर त्यांचे हात थांबणार नाहीत, माझ्यासमोर थांबतील.

---

तिरका_खेकडा | मंगळवार, सकाळी १०:१२

माझा तिरकेपणा थोडा सरळ करतो. डोल_जाळींनी लिहिलंय ते मला माहीतच नव्हतं. म्हणजे माझे घट्टे कासवांच्या फोटोंचे आहेत, या फोटोचे नाहीत.

पण 'आधी-नंतर'वाल्या फोटोंचं काय? दर रविवारी कुठलातरी गट स्वच्छता करतो, डावीकडे घाण, उजवीकडे चकाचक, मध्ये टीशर्ट घातलेले वीस जण.

---

गिरगावकर | मंगळवार, सकाळी ११:३०

त्यांना सरसकट झोडू नका. वर्सोव्याला वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरुवात केली ती शेजाऱ्याला घेऊन, दोघांनी. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तोवर आठवड्यामागून आठवडे तेच काम चालू होतं. आधी-नंतरच्या फोटोंनीच तिथे माणसं आली. खोट इतकीच, की 'नंतर'च्या नंतरचा फोटो कुणी काढत नाही. मंगळवारच्या भरतीनंतर तीच जागा कशी दिसते तो.

आणखी एक. कचऱ्याइतकंच जिवंत काय आहे तेही दाखवावं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाले २०१७ पासून ओहोटीला लोकांना खडकांवर घेऊन जातात. गिरगाव, हाजी अली, जुहू. मी एकदा गेलो होतो. चौपाटीला जन्म गेला, पण तिथे समुद्री गोगलगाय असते, नखाएवढी, हे पन्नाशीत कळलं. तिचा फोटो काढताना बाजूला गुटख्याची पुडी होती. पहिल्यांदा ती पुडी मला 'कुणाच्यातरी घरात' पडलेली वाटली.

---

काळा_पांढरा | मंगळवार, दुपारी १२:४५

यावरून जस्टिन हॉफमनचा समुद्रघोडा. इंडोनेशियात सुम्बावा बेटापाशी काढलेला, २०१७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत अंतिम यादीत होता. इवलासा समुद्रघोडा, शेपटीने कान कोरायची गुलाबी काडी धरून तरंगतोय. त्यात मेलेलं काही नाही. तो फक्त आधार धरतोय, एरवी गवताची काडी धरतो तसा. हा फोटो नसता तर बरं झालं असतं असं स्वतः हॉफमनच म्हणाला होता. माझ्या बायकोने तो पाहून कापसाच्या काड्या आणणं बंद केलं. आपल्याकडे १ जुलै २०२२ च्या बंदीच्या यादीत प्लास्टिकच्या दांडीच्या त्या काड्या होत्या. धागाकर्त्याच्या चौकोनात त्या अजून सापडतात, हे वाचून गंमत वाटली नाही.

---

मीठभाकर | मंगळवार, दुपारी १:०५

पुळणवेडा, चार वर्षांच्या त्या फोटोंचं पुढे केलंत काय? फोनमध्येच आहेत का?

---

पुळणवेडा | मंगळवार, रात्री ९:२०

नाही. शिमग्याला चाकरमानी येतात, तेव्हा देवळाच्या सभामंडपात लावले होते. त्याची एक फजिती सांगतो. तालुक्याच्या गावी एका दुकानात छपाईला दिले. कागदावर छापा म्हणून बजावलं होतं. ऐन वेळी त्याने आणून दिला भलामोठा फ्लेक्स, वर ठळक अक्षरात 'प्लास्टिक टाळा'. प्लास्टिकच्याच कापडावर! गाव पोट धरून हसलं. शेवटी शाळेच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढले आणि सुतळीला लाकडी चिमट्यांनी टांगले.

लोक कुठे थांबले सांगू? ढिगांच्या मोठ्या फोटोंपुढून सगळे पुढे गेले. जातवारी मांडलेल्या गोणपाटापुढे मात्र गर्दी. "ही पुडी आपल्या दुकानातली", "हे औषधाचं झाकण बघ", "ही चप्पल आपल्या अण्णांची नाही ना?" पोरं तर वाकून वाकून एकेक वस्तू ओळखत होती, पैज लावून. मावशी आल्या होत्या. त्यांनी बोयाच्या तुकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमचं. बाकीचं कुणाचं ते ज्याचं त्याने सांगा."

त्यानंतर जेटीवर दोन गोण्या बांधल्या गेल्या, एक जाळ्याच्या तुकड्यांना, एक थर्माकोलला. भरल्या की न्यायच्या कुणी यावर अजून भांडण चालू आहे.

---

डोल_जाळी | बुधवार, सकाळी ७:०२

आईला विचारलं. म्हणाली, हातांचा काढ, पण बांगड्या घालून बसते, थांब. काकू म्हणते, आधी पाटी धुऊ दे. पौर्णिमेच्या उधाणाला जाळं येईल तेव्हा काढतो. फोनवरून इथे प्रचि कसे चढवायचे ते कुणीतरी सांगा, आकार मोठा आहे असं येतंय.

---

काळा_पांढरा | बुधवार, सकाळी ७:३०

विपू केली आहे. आणि बांगड्या राहू देत, छान दिसतील.